शुक्रवारी आखडलेली गुणसूत्रं

सौदीहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, बुरखा घालावा लागला का? नाही, लागला नाही. अंगभर कपडे घातले, ऊन लागलं तेव्हा डोक्यावर ओढणी घेतली, नाही लागलं तेव्हा नाही घेतली. कोणी काही बोललं नाही. मग पुढचा प्रश्न, बाईमाणूस एकटी फिरू शकते का तिकडे? फिरू शकते. यान्बूहून जेद्द्याला मला एका बाईनेच गाडी चालवत नेलं आणि ती बाई आपल्या दापोलीची होती. एवढं ऐकलं की विचारणाऱ्यांचा उत्साह मावळतो. मी तिकडून संतापून यावं अशी सगळ्यांची इच्छा होती, फक्त कारण त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

संतापून तर मी आलेच आहे. मला राग यायला फारसं काही लागत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्याने कढीपत्ता द्यायला कुरकुर केली तरी पुरतं. पण तो राग जिना चढेपर्यंत उतरतो. हा उतरत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

माझं सगळं आयुष्य पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गुणसूत्रं बघण्यात गेलं. मूल होत नाही, झालं तर टिकत नाही, अशा जोडप्यांचं रक्त आमच्याकडे यायचं. त्यातल्या पेशी वाढवायच्या, त्या विभागत असतानाच मध्येच थांबवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा आणि जोड्या लावून बघायच्या, कुठे काही तुटलंय का, जास्तीचं आहे का. हेच काम. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय गेली नाही. त्यामुळे तांबड्या समुद्राच्या काठी गुणसूत्रांवर परिषद आहे, जुन्या कामावर चार शब्द बोलायला या, असं बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दापोलीच्या शाळेतली माझी मैत्रीण हलीमा. तिला कळलं तशी तिने फोन केला. "तू जातेसच आहेस तर यान्बूला माझ्या लेकीला बघून ये गो. फोनवर नीट बोलत नाय. सगळं ठीक हाय म्हणते, नि मला काय ठीक वाटत नाय."

आर्थिक शहर

परिषद होती किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. नाव भारदस्त आहे आणि रस्तेही नावाला साजेसे, आठ गाड्या शेजारी शेजारी जातील एवढे. गाड्या मात्र नाहीत. खजुराची झाडं एका मापाची, पदपथ धुतल्यासारखे, समुद्र निळाशार, आणि त्या सगळ्याकडे बघायला मी आणि एक बांगलादेशी माळी. मांडव घालून झालाय, रांगोळ्या काढून झाल्यात आणि वऱ्हाड अजून यायचंय, असं ते शहर दिसतं.

पहिल्याच दिवशी जेवणावरून माझं डोकं फिरलं. सगळ्यांपुढे सय्यादिया आली. म्हणजे परतलेल्या कांद्यात शिजवलेला तपकिरी भात आणि त्यावर आख्खा मासा. वासानेच भूक खवळली. माझ्यापुढे उकडलेला फ्लॉवर ठेवला. आयोजकांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, तुम्ही भारतीय, म्हणून आम्ही खास शाकाहाराची सोय केली! मी हर्णैच्या बंदराजवळ वाढलेली बाई. मासा नसेल तर आमच्याकडे त्याला जेवण म्हणत नाहीत, फराळ म्हणतात. मी तो फ्लॉवर शेजारच्या इटालियन प्राध्यापकाकडे सरकवला आणि त्याचा मासा माझ्याकडे ओढला. त्याला गंमत वाटली. मासा बरा होता, पण आपल्या सुरमईची सर नाही.

दुसऱ्या दिवशी एका तरुण परदेशी मुलीने एक फिल्म दाखवली आणि माझा सगळा राग विरघळला. ती समजावी म्हणून थोडं सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो, आणि पेशी तर डोळ्याला दिसतही नाही. पेशी दुभंगायची वेळ आली की त्या धाग्याच्या दोन प्रती तयार झालेल्या असतात, आणि होणाऱ्या दोन्ही नव्या पेशींना, म्हणजे तिच्या लेकींना, एकेक प्रत न तुटता, न गुंतता पोचवायची असते. एवढा गुंता तसाच वाटायला घेतला तर सगळं तुटेल. म्हणून आधी तो आवरावा लागतो. हे आवरायचं काम कंडेन्सिन नावाचं प्रथिनांचं कडं करतं. बांगडीतून ओढणी ओढत गेलं की एका बाजूला तिचा फुगा वाढत जातो ना, तसं हे कडं धाग्याला धरतं आणि त्याचे फुगे बाहेर ओढत राहतं. अशी हजारो कडी एकाच वेळी कामाला लागली की धाग्याचं आखूड, जाड गुणसूत्र होतं. तसलंच दुसरं कडं कोहेसिन. ते दोन्ही जुळ्या प्रतींना वेळ होईपर्यंत एकमेकींशी बांधून ठेवतं.

हे मी आयुष्यभर वाचलं होतं, शिकवलंही होतं. पण त्या मुलीच्या फिल्ममध्ये एकच कडं एकच धागा ओढताना दिसत होतं, खरोखरचं, डोळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर आपण ज्याचं काम बघितलं तो कामगार पहिल्यांदा दिसला, असं वाटलं.

व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले एक डॉक्टर उठले. जेद्द्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेचे प्रमुख, मूळचे हैदराबादचे. दोन दिवस ते प्रत्येक स्लाइडचा मोबाइलवर फोटो काढत होते, त्यामुळे त्यांची पाठ मला पाठ झाली होती. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, घोषणा केली. ज्यात गुणसूत्रं आवरण्याचं हे कामच जन्मतः बिघडलेलं असतं अशी एक अतिदुर्मीळ अवस्था असते, आणि तशी एक तरुण भारतीय रुग्ण आपल्याला सापडली आहे, असं ते म्हणाले. सगळ्या माना वळल्या. खोटं कशाला बोलू, मलाही हेवा वाटला. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि फोटो बघायला मागितला.

"अभी नहीं मॅडम," ते हसून म्हणाले, "पहले पब्लिश होने दीजिए."

यान्बू

समीना मला घ्यायला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. हलीमाची ही थोरली मुलगी लहानपणी धपाधपा पायऱ्या उतरायची, तोंडाचा पट्टा चालू असायचा. आता समोर होती ती हळू बोलणारी, नीटनेटकी बाई. यान्बूतल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. नवरा इम्तियाज तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला, पाळ्यांची ड्यूटी. लग्न होऊन बरीच वर्षं झाली. व्हिजिट व्हिसावर इम्तियाजची आई आलेली, तिला सगळे अम्मा म्हणतात. मीही म्हणू लागले.

यान्बूची दोन तोंडं आहेत. एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, टाक्या, नळांचं जंगल, आणि कामगारांच्या बसेस. दुसऱ्या बाजूला जुनं बंदर, प्रवाळाच्या दगडांची घरं आणि सकाळी मासळीचा लिलाव. ही दुसरी बाजू बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. समीनाच्या घरात तर पूर्णच. जेवायला तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, वर सोलकढी. कोकम दाभोळहून अम्मांच्या पेटीतून आलेलं. इम्तियाजने आग्रह करकरून वाढलं. शेजारची लहान मुलं आली होती, ती अम्मांनी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. अम्मा हसून म्हणायच्या, "काय बोलतात तेचा पत्ता नाय, पण पोरं गोड हायत." सगळं चांगलं होतं. फक्त समीना स्वयंपाकघरातून बाहेर आली की बोलणं थांबायचं आणि ती आत गेली की सुरू व्हायचं.

सकाळी अम्मांनी मला मासळीबाजारात नेलं. नाजिल नावाचा लालभडक मासा तिथे सगळ्यांत महाग. अम्मांनी त्याचे कल्ले उघडून बघितले, अरबी विक्रेत्याशी कोकणीत भांडल्या, तो अरबीत भांडला, आणि भाव दोघांना समजला. मासा पिशवीत पडल्यावर त्या अचानक म्हणाल्या, "तू रक्ताची डाक्टरीण ना? तर तुला सांगते बाय. आमचे सुनेच्या रक्तात दोष निघालाय."

"कसला दोष?"

"दोन वेळा दिवस राहिले, दोन्ही गेले. मग दोघांचं रक्त जेद्द्याला धाडलं. इम्तियाजचा साफ हाय. हिच्यातच आतून बिघाड हाय, जन्माचा. डाक्टर बोलला, लय कमी लोकांना होतो." त्यांनी पदराच्या टोकाने डोळे पुसले. खोटं रडणं नव्हतं ते. "माझा एकच लेक. मी काय करू? इम्तियाजने तिचा फायनल एक्झिट लावलाय."

ज्यांना सौदीतले कायदे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिथे राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणतात, आणि नोकरदाराच्या बायकोचा इकामा नवऱ्याच्या इकाम्यावर चालतो. ती सुट्टीला गावी जाणार असेल तर नवरा एक्झिट-रीएन्ट्री काढतो, म्हणजे जायचं आणि परत यायचं. फायनल एक्झिट म्हणजे इकामा बंद, गेलेल्या बाईला परतीची वाट नाही. हे सगळं मोबाइलवर एक बटण दाबून होतं. बायकोची सही लागत नाही.

"तलाक देणार?" मी विचारलं.

"तोबा! तलाकचं नाव कोण काढतंय? माहेरी राहील सुखाने. इम्तियाजला नात्यातली पोरगी बघितलीय." एवढं बोलून त्या कोथिंबीर घ्यायला वळल्या.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाजारातल्या दोन-तीन मल्याळी लोकांनी वळून बघितलं एवढं सांगते. अम्मांना माझा राग कळला नाही. त्यांच्या लेखी हे क्रूर नव्हतं, नीट विचार करून काढलेली वाट होती. सुनेला त्या अजूनही हाताने भरवत होत्या आणि तिकीट बघत होत्या. त्याचाच मला जास्त संताप आला.

घरी आल्यावर मी समीनाला सरळ म्हटलं, "दाखव तो रिपोर्ट." तिने मोबाइल पुढे केला. खाली सही कोणाची असेल ते मला उघडायच्या आधीच कळलं होतं. पहिल्या रांगेतले हैदराबादी डॉक्टर. त्यांची ती अतिदुर्मीळ तरुण भारतीय रुग्ण म्हणजे माझ्या मैत्रिणीची मुलगी, आणि मी चहाचा कप हातात घेऊन तिचा फोटो बघायला मागत होते.

आधी इम्तियाजचा फोटो बघितला. लांबसडक गुणसूत्रं, त्यांवर आडवे पट्टे, हवी तशी. मग समीनाचा. तिची सगळीच्या सगळी आखूड, बुटकी, पट्टे एकमेकांत मिसळून गेलेले, आणि प्रत्येकाच्या दोन्ही जुळ्या बाजू हात पसरल्यासारख्या फाकलेल्या, फक्त कमरेपाशी जोडलेल्या. मी तो फोटो मोठा केला. पुन्हा बघितला. मग माझ्या कानशिलांत रक्त चढायला लागलं.

"मावशी, फार वाईट आहे का?" समीनाने विचारलं.

"वाईट? अगं, ही जास्त शिजलीत!"

पुण्याला आम्ही असंच म्हणायचो. पेशीला विभागता विभागता थांबवायचं तर तिच्यात कोल्चिसिन नावाचं औषध घालतात. गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे दोर त्याने विस्कटतात, म्हणून पेशी तिथेच अडून राहते. हे औषध थोडाच वेळ ठेवायचं असतं, फार तर तासाभराच्या आत-बाहेर. कारण पेशी अडली तरी कंडेन्सिन अडत नाही. पुढचं काम थांबलंय हे त्याला कोण सांगणार? ते फुगे ओढतच राहतं, गुणसूत्रं आखूड होत जातात. कोहेसिन बाजूंवरून सुटत जातं आणि फक्त कमरेपाशी उरतं. भात गॅसवर विसरला की गिचका होतो, तसं. आमच्याकडे नव्या मुलींच्या हातून हे व्हायचं, मी ओरडायचे, आणि आम्ही ती स्लाइड टाकून देऊन पुन्हा रक्त मागवायचो. तिला रोग म्हणायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आणि खरी संतापाची गोष्ट पुढेच आहे. गुणसूत्रं इतकी आखडायला कंडेन्सिन ठणठणीत लागतं. बिघडलेल्या कड्याला हे जमलंच नसतं. म्हणजे ज्या फोटोवरून या मुलीत जन्मजात बिघाड आहे असं ठरवलं, तो फोटो तिच्या पेशी उत्तम काम करतात याचा पुरावा होता.

समीना विज्ञानाची शिक्षिका. तिला अर्ध्या वाक्यातच समजलं. तिने मोबाइल परत घेतला, तो फोटो स्वतः मोठा करून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे ह्यांनी मला जास्त शिजवली."

"हो."

"उद्या जेद्द्याला जाऊ. मी चालवते."

जेद्दा

वाटेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नुसतं करडं वाळवंट. मध्येच उंट रस्ता ओलांडतात म्हणून पाट्या आहेत, उंट नाहीत. पेट्रोल पंपावरच्या टपरीत कडक चहा मिळतो, त्याला करक म्हणतात. वेलची आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेला, आपल्या अमृततुल्याचा सधन चुलतभाऊ.  मीच बडबडत होते, त्या डॉक्टरांना काय काय बोलायचं त्याची रंगीत तालीम.

प्रयोगशाळा चकाचक, संगमरवरी, कॉफी फुकट. डॉक्टरांनी मला ओळखलं आणि आनंदाने उठले. मी कोणाबरोबर आले आहे ते कळल्यावर तो आनंद थोडा कमी झाला.

"हिच्या रक्तात कोल्चिसिन कधी घातलं?" मी हिंदीतच विचारलं.

"मॅडम, प्रोटोकॉल के हिसाब से..."

"वार सांगा."

त्यांनी कॉम्प्युटर बघितला. "गुरुवार. दोपहर. इनके शौहर का एक दिन पहले हो गया था."

"आणि काढलं कधी?"

ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. "शुक्रवार. दोपहर," ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले. सौदीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. गुरुवारी दुपारनंतर सगळ्या कचेऱ्यांत एकच वारं असतं, यल्ला, यल्ला, चला निघू या. औषध घालणारा निघून गेला. काढणाऱ्याला वाटलं तो काढून गेला असेल. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर कोणाला तरी आठवलं, तो आला आणि त्याने पेशी काढल्या. चूक कोणाकडूनही होते, तिचा मला राग नाही. पण तारखा समोर होत्या, वार समोर होते, आणि या माणसाने वाराकडे न बघता थेट दुर्मीळ रोगाकडे उडी मारली होती. जगात मोजक्या लोकांना होणारी अवस्था त्यांना तोंडपाठ होती, आपल्या प्रयोगशाळेला शुक्रवारी सुट्टी असते हे त्यांना आठवलं नाही.

"टेक्निकली पॉसिबल है," ते म्हणाले, "लेकिन रिपोर्ट पर मेरा साइन हो चुका है. आप समझ नहीं रही हैं, मॅडम."

हे ऐकल्यावर माझा हिंदीवरचा ताबा सुटला आणि मी मराठीत गेले. काचेपलीकडे बसलेले लोक उभे राहिले. मी म्हटलं, तुमच्या एका सहीवर एका बाईला देशाबाहेर काढतायत आणि तुम्ही ती परिषदेत मिरवताय! डॉक्टर सुरक्षारक्षकाकडे बघायला लागले. तेवढ्यात समीना उठली. तिने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"पेशंट मी आहे," ती हिंदीत, शांतपणे म्हणाली. "माझं रक्त पुन्हा घ्या. या वेळी मी इथे थांबते. औषध घालताना आणि काढताना मावशी बघतील."

माझ्या आरडाओरड्याने जे झालं नाही ते तिच्या उघड्या हाताने झालं. रक्त घेतलं गेलं.

पेशी वाढायला तीन दिवस लागतात. आम्ही शरफिया नावाच्या भागात एका हॉटेलात राहिलो, जिथे चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळं हिंदीत चालतं. जुन्या जेद्द्यात हिंडलो. लाकडी जाळ्यांच्या मोठाल्या खिडक्या, गल्लीत गरम तमीसच्या रोट्या, सोबत ठेचलेल्या घेवड्याची डाळ. तिला ते फूल म्हणतात. इम्तियाजचा फोन रोज यायचा. जेवलीस का, थंडी आहे का, गाडीत पेट्रोल भर. एक्झिटबद्दल शब्द नाही. मी एकदा फोन हिसकावून घ्यायला गेले, तर समीनाने माझा हात धरला. "तुम्ही नको, मावशी."

मग तो दिवस आला. मी त्या बिचाऱ्या तंत्रज्ञाच्या डोक्यावर उभं राहून औषध घालून घेतलं आणि वेळेवर काढून घेतलं. स्लाइड तयार झाल्यावर पहिल्यांदा मी बघितलं. लांब, सडपातळ, पट्टे स्वच्छ, सगळ्या जोड्या जिथल्या तिथे. एक सोडून कितीतरी पेशी तपासल्या, सगळ्या तशाच. दोन गर्भ का गेले ते मला माहीत नाही. पुष्कळ वेळा कोणालाच कळत नाही. पण जे तिच्या माथी मारलं होतं ते तिच्यात नव्हतं. मी बाजूला झाले आणि समीनाला बसवलं.

ती बघत राहिली. "ही माझी?"

"तुझीच."

"छान आहेत," ती म्हणाली आणि तिथेच सूक्ष्मदर्शकावर कपाळ टेकून रडली.

डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं होतं, पहिला नमुना गुणवत्तेच्या दृष्टीने अपुरा होता. नमुना अपुरा! त्यांनी नव्हे, नमुन्याने चूक केली होती. माफी त्यांनी मागितली नाही. कॉफी मात्र विचारली.

पुन्हा यान्बू

मी परतीच्या वाटेवर गात होते. मला गाता येत नाही, तरी गात होते. घरी आधीच फोन गेला होता. दारातच अम्मांनी समीनाला मिठी मारली, तिची अलाबला घेतली, रडल्या. शेवयांचा शीरखुर्मा केला होता, जणू ईदच. "मी बोलत होते ना, माझी सून लाखात एक हाय!" असं त्या मलाच सांगत होत्या.  जिंकलेल्या माणसाने मन मोठं करावं, असं मनाशी म्हणत वाटी पुढे केली.

इम्तियाज ड्यूटीवरून थेट आला होता, अंगावर अजून कारखान्याचा डगला. चेहरा मोकळा झालेला, वय कमी झाल्यासारखा. त्याने समीनासमोर मोबाइल धरला.

"बघ. एक्झिट कॅन्सल केला. खलास. आता सगळं पहिल्यासारखं."

समीनाने मोबाइलकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "लावताना मला विचारलं नव्हतं. काढतानापण नाही विचारलं."

"आता विचारायचं काय? रिपोर्ट क्लीअर आहे."

"परत लावा."

त्याला वाटलं ती रागात बोलतेय. तो हसला. अम्मा म्हणाल्या, "असा काय बोलतेस बाय? आता काय बाकी राहिलंय? तुझ्यात काय दोष नाय."

"आणि असता तर?"

अम्मांनी माझ्याकडे बघितलं.  जेद्द्यात मी काचा हादरेपर्यंत ओरडले होते, वार काढले, तास काढले, तिची कडी कशी ठणठणीत आहेत ते सिद्ध करून दाखवलं. पण ती बिघडलेली निघाली असती तर मी काय म्हणून भांडले असते, हे त्या सगळ्या धावपळीत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. वाटीतला चमचा मी खाली ठेवला.

"समीना, माझी चूक झाली," इम्तियाज म्हणाला. आवाज खरा होता. "मी घाबरलो होतो."

"मीपण घाबरले होते. मी तुमचा एक्झिट नाही लावला."

"आई काय म्हणेल तुझी? शाळेचं काय?"

"दापोलीतपण शाळा आहेत." ती त्याच्यासमोर आली. "तुम्हाला यायचं असलं तर या. दार उघडं असेल. मग मी तुम्हाला विचारून ठरवीन. पण आता मला जायचंय, आणि ज्या वाटेने तुम्ही धाडणार होतात त्याच वाटेने जायचंय. लावा."

अम्मा मटकन खाली बसल्या.  इम्तियाजने मोबाइल उघडला, पण बोट पुढे जाईना. समीनाने त्याच्या मनगटाला हात लावला, तापलेल्या मुलाचा हात धरावा तितक्या मायेने, आणि तो बटणापर्यंत नेला.